चार फूट दीड इंच

१

खुंटा जमिनीत घट्ट रोवलेला होता. फक्त तो जिथे होता ती जागा त्याची नव्हती.

नोमाखवेझी द्यांत्यी त्याच्यासमोर गुडघे टेकून बसल्या होत्या. विट्टेक्लूफ गावात त्यांनी तीस वर्षं जमिनी मोजल्या होत्या. या तीस वर्षांत माणसांबद्दलचं त्यांचं मत मोजणीगणिक खाली येत गेलं होतं. जमिनीबद्दलचं मात्र जिथल्या तिथे होतं.

"मामभेले, काही कळलं का?" बुलेल्वाने मागून विचारलं. गावातली धाकटी माणसं द्यांत्यीबाईंना अशी त्यांच्या कुळाच्या नावानेच हाक मारत. बुलेल्वा दवाखान्यात नर्स होती. पाळी संपवून ती थेट परसात आली होती, अंगावर अजून गणवेश होता.

"कळतंय. तू पुढे येऊ नकोस. राखेवर पाय पडेल."

बुलेल्वाच्या परसामागे नगरपालिकेची जुनी गल्ली होती. दर ऑगस्टमध्ये तिथलं वाळलेलं गवत नगरपालिका स्वतःच पेटवून टाकी, म्हणजे पुढे वणवा घरांपर्यंत येत नसे. यंदा चार तारखेला जाळलं होतं. परसाच्या टोकापर्यंत काळी राख सारखी पसरली होती. खुंट्याभोवती मात्र त्या राखेवर तांबड्या मातीचे खडे पडले होते. कीवीट रस्त्यावर वरची माती काळी आहे. तांबडी चिकणमाती गुडघाभर खाली लागते, आणि ती आपल्या पायांनी वर येत नाही.

"चार तारखेनंतर इथे कोणीतरी खणलंय," द्यांत्यीबाई म्हणाल्या. "आणि नगरपालिकेचे साहेब मोजायला कधी आले?"

"पंधराला."

बुलेल्वाला परसात दोन खोल्यांचं वेगळं घर बांधायचं होतं. आईसाठी. जूनमध्ये आईला अर्धांगवायूचा झटका आला होता. ती गावाकडच्या दवाखान्यात होती आणि एक सप्टेंबरला तिला घरी सोडणार होते. घरी म्हणजे कुठे, हाच प्रश्न होता. बुलेल्वाच्या घराला चार पायऱ्या होत्या, आणि चाकांची खुर्ची आतल्या बोळातून वळत नव्हती. त्याहून मोठी अडचण म्हणजे आई. जीभ जड झाली होती, तरी तिने स्पष्ट सांगितलं होतं: जावयाच्या छपराखाली मी झोपणार नाही. मला माझा दरवाजा हवा.

नगरपालिकेचा नियम सरळ होता. प्लॉट नऊशे चौरस मीटरचा असेल तर मागे दुसरं घर बांधता येतं, त्याहून लहान असेल तर नाही. बुलेल्वाच्या कागदांवर नऊशे एकोणतीस होते. परवानगीवर फक्त शिक्का उठायचा होता. तेवढ्यात नगरपालिकेत एक निनावी पत्र आलं, साहेब टेप घेऊन आले, आणि जमिनीवर भरले आठशे नव्व्याण्णव पूर्णांक सात. एका पाटाएवढी जागा कमी पडली आणि घर गेलं.

द्यांत्यीबाईंनी पुन्हा मोजलं. पुढच्या खुंट्यापासून मागच्या खुंट्यापर्यंत अडतीस मीटर दहा सेंटिमीटर. दुसऱ्या बाजूलाही तेवढंच, एक सेंटिमीटरही इकडेतिकडे नाही. कागदावर लांबी एकोणचाळीस मीटर छत्तीस सेंटिमीटर होती.

खुंट्याच्या मागे सव्वा मीटर जाऊन त्यांनी मातीत गिरमिट घातलं आणि फिरवत फिरवत खाली नेलं. बाहेर आलं तेव्हा आधी काळी माती होती, मग तांबडी. त्या तांबड्यात बोटाएवढी जाड, नारिंगी, चुरचुरीत नळी होती.

"हे काय?"

"गंज," त्या म्हणाल्या. "लोखंड ऐंशी वर्षं चिकणमातीत उभं राहिलं की आपली सावली मातीत सोडून जातं. खुंटा उपटता येतो, हा गंज नाही उपटता येत."

बुलेल्वा त्या नळीकडे बघत राहिली. "म्हणजे कोणीतरी मुद्दाम..."

"मुद्दाम. आणि दोन्ही."

२

नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात अरेंड्स नावाचे साहेब होते. त्यांच्या टेबलावर तीन शिक्के आणि एक कॅक्टस होता, आणि चौघांपैकी जास्त हालचाल कॅक्टसची होत असावी.

"बाई, कागदावर काहीही असू दे, जमीन खोटं बोलत नाही," ते म्हणाले.

"जमीन नाही बोलत. खुंटा बोलायला लावता येतो." त्यांनी मातीची नळी टेबलावर ठेवली.

अरेंड्सनी ती कागदाच्या टोकाने थोडी लांब सरकवली. "हे नवीन पुसलेलं टेबल आहे."

"माफ करा. मला ते पत्र दाखवता का?"

पत्र टाइप केलेलं होतं. सही नव्हती. एक सुजाण रहिवासी, एवढंच. भाषा नितळ होती, सोज्वळ खेदाने ओथंबलेली. वैयक्तिक आकस नाही, पण नियम सर्वांना सारखे असावेत. मूळच्या आखणीप्रमाणे हा प्लॉट केवळ आठशे एकाहत्तर चौरस मीटरचा आहे, कृपया मागची हद्द प्रत्यक्ष मोजावी.

"आठशे एकाहत्तर?" द्यांत्यीबाई म्हणाल्या. "हा आकडा कुठून आला?"

"लोक लिहितात काहीबाही."

"काहीबाही लिहिणारा माणूस आठशे सत्तर लिहितो. किंवा साडेआठशे. तुमच्या कागदावर नऊशे एकोणतीस, जमिनीवर आठशे नव्व्याण्णव. मग आठशे एकाहत्तर कुणाचे?"

अरेंड्सनी खांदे उडवले. "शुक्रवारी दहाला फाइल बंद करतो. त्याआधी कुणी खुंटा हलवला हे दाखवलंत तर मी स्वतः येऊन बघेन. नुसता गंज फाइलला लावता येत नाही."

"शेजाऱ्यांची संमती कुणी दिली होती?"

त्यांनी फाइल उघडली. तीन शेजारी, तीन रकाने. डावीकडच्या हेस्टर फोलस्कूरबाई: नकार. उजवीकडचे सोंगेझो म्पेत्शा: नकार. गल्लीपलीकडचे डेस्मंड अॅस्पिनॉल, रहिवासी मंडळाचे अध्यक्ष: हिरव्या शाईत मोठ्ठी सही आणि खाली एक ओळ, 'मनापासून'.

मंगळवार दुपार होती. हातात अडीच दिवस होते, आणि एक आकडा होता जो कुणाचाच नव्हता.

३

सोंगेझो म्पेत्शा घरं विकायचा. त्याच्या स्वतःच्या घरासमोरही त्याचाच हसरा फोटो असलेली पाटी होती, जणू तेही योग्य भाव आला तर द्यायचंच होतं.

"मॅडम, स्पष्ट बोलतो. मी काही दुष्ट माणूस नाही," त्याने सुरुवात केली. असं सांगावं लागणाऱ्या माणसांची द्यांत्यीबाईंनी मनात एक वेगळी यादी ठेवली होती. "पण या रस्त्याला एक दर्जा आहे. मी इथे येण्यासाठी काय काय केलंय ते मला माहीत. परसात खोल्या, दोरीवर कपडे, म्हाताऱ्या बायका उन्हात बसलेल्या... हे सगळं मी जिथून आलो तिथे होतं की!"

"तुझी आई कुठे असते, सोंगेझो?"

"गावाकडे. तिला आवडतं तिथे."

"हं."

"प्रश्न दर्जाचा आहे. इथे एका चौरस मीटरला काय किंमत आहे ठाऊक आहे? माझा प्लॉट नऊशे एकतीस. मी ग्राहकाला नऊशे तीस असंसुद्धा सांगत नाही. एक मीटर म्हणजे एक मीटर."

"मागच्या कोपऱ्यातला खुंटा पाहिलास अलीकडे?"

"कसला खुंटा?" त्याने खिडकीतून परसाकडे पाहिलं. हिरवळ आखीव कापलेली होती आणि तिच्यावरून कधी कोणी चाललं असावं असं वाटत नव्हतं. "माळी येतो ना. मी मागे जात नाही. बुटांना राख लागते."

बूट बघितल्यावर ते पटलं. तरी निघताना त्याने दारात हळूच विचारलं, "पण नाकारलंय ना ते? कायमचं?" आणि तो हसला, पाटीवरच्यासारखाच.

४

हेस्टर फोलस्कूर ऐंशीच्या पुढच्या होत्या. गावात सगळे त्यांना तान्नी हेस्टर, म्हणजे हेस्टरमावशी, म्हणत. त्या ओट्यावर बसून रुईबॉस चहात रस्क बुडवत होत्या. त्यांनी पाहुणीला बसायला सांगितलं नाही, पण रस्कचा डबा पुढे सरकवला.

"नाही म्हटलंय आणि नाहीच म्हणणार," त्या म्हणाल्या. "सहा महिने ठोकाठोकी, सिमेंटची धूळ. माझी कोंबडी अंडी घालायची बंद होईल. पोरीला सांग, रागावू नकोस. मी तिच्या तोंडावरही हेच सांगितलं."

"तिने सांगितलं मला. म्हणाली, तान्नी तेवढी खरं बोलली."

"मग मेला वेळ का घालवतेस माझा?"

"तिचे मागचे खुंटे कोणीतरी हलवलेत."

रस्क चहात तसाच राहिला आणि विरघळून तळाला गेला. म्हाताऱ्या बाईंचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. "खुंटे? हद्दीचे?" त्या म्हणाल्या. "माझे बाबा वीस वर्षं भावाशी बोलले नाहीत. पण भावाच्या शेतातून जाताना खुंट्यावरून गाडी कधी नेली नाही त्यांनी. वळसा घालायचे. हे कुठल्या जातीचे लोक म्हणायचे?"

"तेच शोधतेय."

ओट्याच्या कडेला भिंतीला टेकवून एक लांब, काळपट लाकडी काठी आडवी ठेवली होती. तिच्यावर खाचा होत्या. द्यांत्यीबाईंनी सवयीने खिशातला टेप काढून लावला. तीन मीटर अठ्ठ्याहत्तर.

"बाबांची," तान्नी हेस्टर म्हणाल्या. "बारा फूट. आमची सगळी शेतं याच काठीने मोजली गेली. हा प्लॉटही मी मोजलाय, लग्न होऊन आले तेव्हा. रुंदी सहा काठ्या आणि वर तीन फूट. अगदी कागदाबरहुकूम."

"बारा फूट," द्यांत्यीबाई म्हणाल्या आणि टेप पुन्हा लावून बघितला. तीन अठ्ठ्याहत्तरच होते. त्यांच्या डोक्यात काहीतरी सळसळलं, पण पकडीत आलं नाही.

मग त्यांना फावडं दिसलं. काठीच्या शेजारीच उभं होतं. पात्याच्या वरच्या भागाला काळी राख चिकटली होती, आणि टोकाला, दोन बोटं जाड, वाळलेली तांबडी चिकणमाती.

"तान्नी, हे फावडं कुणाचं?"

"माझं."

"आणि ही माती?"

तान्नी हेस्टरनी फावड्याकडे पाहिलं. तोंड घट्ट मिटलं. "लोक नेतात," त्या शेवटी म्हणाल्या. "धुऊन आणत नाहीत."

"कोण नेतं?"

"जो माझी औषधं दुकानातून आणून देतो, त्याची चहाडी मी करणार नाही. जा आता तू."

५

डेस्मंड अॅस्पिनॉलनी दार उघडलं ते दोन्ही हात पसरूनच.

"या, या! नोमा म्हटलं तर चालेल ना? पूर्ण नाव जरा लांब आहे."

"द्यांत्यीबाई म्हणा. तेही लहानच आहे."

ते मोकळेपणाने हसले. सत्तरी ओलांडलेले, ताठ, स्वच्छ. पन्नास वर्षांपूर्वी ते इंग्लंडहून मोटारींच्या कारखान्यात आले होते. सुट्या भागांची मापं तपासायचं काम. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवायचो, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. वर्णभेदाच्या त्या वाईट दिवसांत आपण मोर्चात चाललो होतो, हे सहाव्या मिनिटाला.

"बुलेल्वाबद्दल फार वाईट वाटलं हो," ते फळांच्या केकचे तुकडे करत म्हणाले. सगळे तुकडे एकसारखे पडत होते. "मी तर लगेच सही दिली. पण आता मोजणीच कमी भरली, त्याला कोण काय करणार? आकड्यांपुढे आपलं चालत नाही."

खिडकीतून त्यांची बाग दिसत होती. बागेच्या टोकाला, गल्लीला लागून, गवताने शाकारलेली एक सुबक कुटी होती. दारावर पाटी होती: कोरफडीचं घरटं.

"ते भाड्याने देता?"

"पाहुण्यांना. शनिवार-रविवार. परवानगी घेतलेली आहे, अगदी रीतसर. लोकांना शांतता लागते हो. समोर नुसत्या कोरफडी आणि पक्षी."

"बुलेल्वाचं घर झालं तर समोर ते येईल."

"येऊ दे की! मी त्या बाबतीत अगदी उदार आहे." त्यांनी केक पुढे केला. "घ्या ना."

कप ठेवायला जाताना बोळात द्यांत्यीबाई थांबल्या. भिंतीवर जुना नकाशा चौकटीत लावला होता. कीवीट रस्त्याच्या प्लॉटांचा, १९३८ सालच्या लिलावाचा. प्रत्येक प्लॉटवर नाजूक हाताने मापं लिहिली होती. बुलेल्वाच्या प्लॉटवर: रुंदी पंच्याहत्तर, लांबी एकशे पंचवीस. नकाशाभोवती हस्तिदंती रंगाचा रुंद पुठ्ठा बसवला होता. खालची किनार त्याच्याखाली झाकली गेली होती.

"सुंदर आहे ना?" अॅस्पिनॉल मागे येऊन उभे राहिले. "चौकट मी स्वतः केली. खाली काहीतरी बारीक अक्षरं होती, विद्रूप दिसत होती. झाकून टाकली."

"फुटांत आहे."

"अर्थात! मीटर म्हणजे कारकुनांचं माप. फूट माणसाचं." त्यांनी कपाटातून चामड्याची गोल डबी काढली. आत पोलादी टेप होता, झिजलेला पण तेल लावून लखलखीत ठेवलेला. "वडिलांचा. शेफील्डचा. या घरात जे काही मोजलं गेलं ते याने. या देशात सगळं अंदाजपंचे चालतं हो. कुंपणंसुद्धा. ते सुधारता सुधारता माझं आयुष्य गेलं."

"खरंय," द्यांत्यीबाई म्हणाल्या. "सुधारणारी माणसं हवीतच."

त्या पिकअपमध्ये येऊन बसल्या आणि पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने एक गुणाकार केला. मग दुसरा केला. मग खिडकीची काच वर करून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, त्या एकट्याच हसल्या.

६

शुक्रवारी नऊ वाजता सगळे अॅस्पिनॉल यांच्या बोळात उभे होते. द्यांत्यीबाईंनीच तिथे जमायचं सुचवलं होतं. रहिवासी मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी, साक्षीदारांसमोर. अध्यक्ष खूश होते. त्यांनी केक पुन्हा कापला होता. अरेंड्स घड्याळ बघत होते. बुलेल्वा भिंतीला पाठ लावून उभी होती. आईला आणायची गाडी तिने रविवारसाठी ठरवून ठेवली होती, कुठे आणायचं हे न ठरवता.

"मागचे दोन्ही खुंटे चार ते पंधरा तारखेच्या मध्ये हलवले गेले," द्यांत्यीबाई म्हणाल्या. "मूळ जागी गंज आहे, तो अरेंड्ससाहेबांनी आत्ता येताना पाहिला."

"पाहिला," अरेंड्स बुटावरची राख झटकत म्हणाले.

"आधी सोंगेझो. याला घर नको होतं. पण कोपऱ्याचा खुंटा दोन प्लॉटांचा असतो. तो पुढे आला तसा तुझाही कोपरा पुढे आला, सोंगेझो. तुझे साधारण पंधरा चौरस मीटर गेले."

"काय?" सोंगेझोचा कप बशीत वाजला. "माझे? पंधरा? कोणी केलं हे? मी कोर्टात जाईन!"

"पाहिलंत? हा माणूस आईला गावाकडे ठेवील, पण पंधरा मीटर सोडणार नाही." सोंगेझोने मान खाली घातली नाही. त्याचं लक्ष अजून पंधरा मीटरांवर होतं. "तान्नी हेस्टरांचेही तेवढेच गेले. फावडं त्यांचं होतं हे खरं. पण खणणारा कोणी दुसरा."

तान्नी हेस्टर चालायच्या काठीवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होत्या.

"मग कोण?" अरेंड्सनी विचारलं.

"ते नाव मला ठाऊक नाही," द्यांत्यीबाई शांतपणे म्हणाल्या. "पण माणूस कसा आहे ते सांगते. अडाणी आहे. मोजता येत नाही त्याला. माझ्या मते त्याने मोजलंच नाही. चार पावलं टाकली, आता बास म्हणाला आणि खुंटा ठोकला. अगदी ढिसाळ काम. कारखान्यात असता तर मालासकट परत पाठवला असता."

"पावलं?" अॅस्पिनॉल म्हणाले.

"पावलंच. खुंटे कुठेतरी अंदाजाने..."

"अंदाजाने काय म्हणता! समोरच्या खुंट्यापासून एकशे पंचवीस फूट बरोबर! केसाचाही फरक नाही! ते खुंटे चार फूट दीड इंच मागे होते, ऐंशी वर्षं चुकीचे उभे होते, तीनदा मोजलं मी..."

बुलेल्वाने हळूच डोळे मिटले आणि उघडले.

"चार फूट दीड इंच," द्यांत्यीबाई म्हणाल्या. "धन्यवाद. मी कुणालाच आकडा सांगितला नव्हता."

अॅस्पिनॉल तांबडे झाले, मग पांढरे. मग त्यांनी मान वर केली. "बरं. केलं मी. पण मी चोरी नाही केली, चूक दुरुस्त केली! नकाशा बघा. पंच्याहत्तर गुणिले एकशे पंचवीस. मीटरमध्ये आठशे एकाहत्तर होतात. नियमात बसतच नव्हतं. बाजूच्या भिंती मला हलवता येईनात, म्हणून निदान मागची हद्द तरी..."

"आणि समोरून संमतीवर सही. मनापासून. हिरव्या शाईत."

"ते वेगळं. ते... शेजारधर्म."

तान्नी हेस्टर हुंकारल्या. "माझ्या फावड्याने," त्या म्हणाल्या. "आणि मी ह्याची चहाडी नको म्हणून तीन दिवस जेवले नाही नीट. डेस्मंड, उद्यापासून माझी औषधं मी आणीन."

"पण आकडा बरोबर आहे!" अॅस्पिनॉल जवळजवळ ओरडलेच. "तुम्ही शास्त्र शिकलेल्या आहात, तुम्ही सांगा. एकशे पंचवीस फूट म्हणजे अडतीस मीटर दहा. आहे की नाही?"

"तुमच्या वडिलांच्या टेपने, आहे. चौकट उघडता का?"

"काय?"

"चौकट. स्वतः केलीत ना? मग उघडताही येईल."

त्यांनी नकाशा भिंतीवरून उतरवला. मागचे स्क्रू त्यांनी क्रमाने काढले आणि क्रमाने खिडकीत मांडले. पुठ्ठा बाजूला झाला. नकाशाच्या खालच्या किनारीला, त्याच नाजूक हातात, एक ओळ होती. ती त्यांनी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

सर्व मापे केप फुटांत.

"इथले जुने नकाशे याच फुटाचे," द्यांत्यीबाई म्हणाल्या. "इंग्लंडच्या फुटापेक्षा एक सेंटिमीटरने मोठा. तान्नींच्या बाबांची काठी बारा फुटांची आहे, तुमच्या टेपने मोजलीत तर पावणेपाच इंच जास्त भरेल. पन्नास वर्षं इथे राहून तुम्ही एकदाही कुणाला विचारलं नाहीत की इथला फूट केवढा. विचारायची गरज काय? फूट तुमच्या घरून आणला होता."

अॅस्पिनॉल खिडकीत बसले. मांडीवर नकाशा होता. आता कुठे त्यांचा चेहरा खरोखर पडला. खुंटा उपटला, शेजारणीचं घर बुडवलं, आजारी बाईला रस्त्यावर ठेवलं, हे सगळं कबूल करताना पडला नव्हता. आता पडला.

"मी चुकीचं मोजलं," ते पुटपुटले.

"हो," द्यांत्यीबाई म्हणाल्या.

अरेंड्सनी घड्याळ पाहिलं. दहाला वीस कमी होते. त्यांनी बॅगेतून फाइल काढली, भिंतीवर टेकवून लिहिलं, नऊशे एकोणतीस, आणि खिशातून शिक्का काढला. शिक्का खिशात घेऊन आले होते, हे बघून द्यांत्यीबाईंनी त्यांच्याबद्दलचं मत अर्ध्या इंचाने वर नेलं. "हद्दीचा खुंटा हलवणं गुन्हा आहे, अॅस्पिनॉल," ते शिक्का मारता मारता म्हणाले. "पोलीस येतील तुमच्याकडे. तेव्हा हा केक ठेवू नका. वाळलाय."

सोंगेझो अजून विचारत होता, माझे पंधरा मीटर परत कधी मिळणार.

बुलेल्वा बाहेर अंगणात गेली होती. फोन कानाला होता. पलीकडून आईचा जड, तुटक आवाज द्यांत्यीबाईंना दारातूनही ऐकू आला.

"झालं, आई. मिळाली परवानगी. बांधून होईपर्यंत दोन महिने माझ्या मैत्रिणीकडे राहशील, तिच्याकडे पायऱ्या नाहीत. मग तुझ्या घरात. तुझा दरवाजा."

आईने काहीतरी विचारलं.

"कुठे म्हणजे? कुठेही काढू. तुला कुठल्या बाजूला हवा?"

फोनमधून बराच वेळ बोलणं चाललं होतं. बुलेल्वा ऐकता ऐकता गल्लीपलीकडे बघू लागली. कोरफडीच्या घरट्यासमोर दोन पाहुणे वेताच्या खुर्च्यांत बसून शांतता अनुभवत होते. बुलेल्वाच्या खांद्यांना हसण्याचे हिसके बसायला लागले.

"काय म्हणते?" द्यांत्यीबाईंनी विचारलं.

"म्हणते, दरवाजा मागच्या गल्लीकडे काढ. आणि दारात खुर्ची ठेवायला मोठा ओटा कर. दिवसभर तिथेच बसणार आहे ती. येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायला माणूस पाहिजे म्हणते."